तांबडा वेगळा, पांढरा वेगळा!

कोल्हापूरकराला मटणाच्या ताटाबद्दल कुणी काही शिकवायला जाऊ नये. तरी एक कल्पना करून बघा. तुम्ही ताटावर बसलाय, पुढ्यात दोन वाट्या आहेत आणि वाढणाऱ्यानं दोन्ही वाट्यांत तांबडाच ओतला. वर म्हणतो, 'दोन वाट्या मागितल्या होत्या, दोन दिल्या की!' आता बोला!

कॉम्प्युटरच्या दुकानात असं रोज होतं. माणूस म्हणतो, 'लॅपटॉपला दोन मॉनिटर जोडायचेत.' त्याच्या हातात एक छोटी डबी पडते. एका बाजूला एक भोक, दुसऱ्या बाजूला दोन आणि वर लिहिलेलं 'स्प्लिटर'. घरी येऊन गडी वायरी जोडतो, बटण दाबतो, तर काय? दोन्ही स्क्रीनवर तोच वॉलपेपर, तोच माऊस, तीच एक्सेल शीट. दोन्ही वाट्यांत तांबडा!

म्हणून या आठवड्यात बाकी सगळं बाजूला ठेवून हा फंडा एकदाचा क्लिअर करून टाकू.

दोन स्क्रीन म्हणजे चैन?

मी शिरोली एमआयडीसीत कास्टिंगच्या डिझाइनचं काम करते. डाव्या स्क्रीनवर गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग आणि उजव्या स्क्रीनवर माझं मॉडेल असतं. माप तिकडं बघायचं आणि इकडं टाकायचं. हेच काम एका स्क्रीनवर करायचं म्हटलं, की खिडक्या सतत पालटत बसा आणि आकडा तेवढा वेळ डोक्यात धरून ठेवा. डोक्यात धरलेल्या आकड्याची खोड अशी, की ४८.५ चा कधी ४५.८ होतो ते कळत नाही. पॅटर्न चुकीचा बनला तर पुढचं कास्टिंग भंगारात जातं. आमच्या धंद्यात तीन मिलिमीटरला किलोच्या भावानं किंमत मोजावी लागते.

गावातल्या कुठल्याही सीएच्या ऑफिसात डोकावून बघा. २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हापासून एकीकडं टॅली आणि दुसरीकडं पोर्टल असा संसार सुरू आहे. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याला एका स्क्रीनवर सगळ्या क्लिप्सची पट्टी लागते, दुसऱ्यावर चालतं चित्र लागतं. चौदा इंची लॅपटॉपवर ही कामं होतात, नाही असं नाही. पण संध्याकाळी मान धरते आणि चुका वाढतात.

मोठा गट आहे तो पुण्याहून परत आलेल्यांचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हिंजवडी-खराडीतली कितीतरी पोरं बॅगा भरून घरी आली. माझा मावसभाऊ त्यातलाच. मावशी इथं एकटी असते, म्हणून त्यानं कंपनीकडं इथूनच काम करायची परवानगी मागितली. साहेबानं दिली, पण अट घातली, 'काम मंदावता कामा नये.' याचं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. एका बाजूला अपेक्षित निकालांची यादी ठेवायची, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष चाललेला प्रोग्रॅम. पुण्याच्या ऑफिसात टेबलावर दोन मॉनिटर होते, इथं देवघराशेजारचं टेबल आणि एक लॅपटॉप. दुसरा स्क्रीन त्याच्यासाठी चैन नव्हता, आईजवळ राहण्याचं भाडं होतं म्हणा ना!

२०२२ मध्ये त्यानं एक मॉनिटर नवा घेतला, एक मामांच्या ऑफिसात पडून होता तो आणला आणि दुकानातून ती डबी आणली. रात्री साडेनऊला फोन. 'ताई, दोन्हीकडं तेच दिसतंय की गं! दुकानदार म्हणतोय, सेटिंग बदला.'

सेटिंगचा इथं काही संबंधच नव्हता.

डबीच्या पोटात काय आहे?

स्प्लिटरचं काम एकच असतं. आलेल्या चित्राच्या हुबेहूब प्रती काढायच्या. त्याच्यामागं दोन मॉनिटर आहेत हे लॅपटॉपला कळतच नाही. त्याच्या दृष्टीनं बाहेर एकच मॉनिटर असतो, म्हणून तो एकच चित्र पाठवतो. मग विंडोजचं बटण आणि 'पी' एकत्र दाबून 'डुप्लिकेट'चं 'एक्स्टेंड' करा नाहीतर आणखी काही करा, लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनवर एक चित्र दिसेल आणि बाहेरच्या दोन्हींवर दुसरं, पण एकसारखंच. शिवाय दोन मॉनिटर वेगवेगळ्या ताकदीचे असले, तर चित्र बहुतेकदा कमी ताकदीच्या मॉनिटरला झेपेल असंच मिळतं. नव्याचे पैसेही वाया!

म्हणजे स्प्लिटर वाईट का? अजिबात नाही. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला गर्दी उसळते, तेव्हा मंदिर परिसरात स्क्रीन लावतात. तिथं प्रत्येक स्क्रीनवर देवीचं तेच रूप दिसलं पाहिजे, वेगळं नको. शोरूममधली टीव्हीची रांग, कॉन्फरन्स हॉलमधले दोन प्रोजेक्टर, सगळीकडं हेच तत्त्व. मावसभावाची डबी शेवटी पेठेतल्या तालमीत गेली. १८ डिसेंबर २०२२ ला अर्जेंटिना-फ्रान्स फायनल त्या डबीनं दोन टीव्हींवर दाखवली. फुटबॉलवेड्या पेठेत शेवटच्या पेनल्टीला काय जाळ अन् धूर झाला असेल, ते तुम्हाला सांगायला नको!

मग वेगवेगळं चित्र कोण देतं?

एका मशीनला अनेक स्क्रीन ही काही कालची गंमत नाही. घरगुती विंडोजमध्ये ही सोय १९९८ ला, विंडोज ९८ पासून आली. पण तेव्हा साधारण प्रत्येक मॉनिटरला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागायचं. १९९९ मध्ये मॅट्रॉक्स कंपनीनं जी४०० हे कार्ड काढलं, एकाच कार्डाला दोन तोंडं. पुढं २००५ मध्ये याच कंपनीनं 'ड्युअलहेड-टू-गो' नावाची बाहेरून लावायची पेटी आणली. तिची आयडिया सॉलिड होती. ती कॉम्प्युटरला सांगायची, 'मी एक खूप रुंद मॉनिटर आहे.' कॉम्प्युटर रुंद चित्र पाठवायचा, पेटी ते मधोमध कापून अर्धं इकडं, अर्धं तिकडं द्यायची.

खरी सोय झाली २०१० मध्ये, डिस्प्लेपोर्टच्या १.२ या आवृत्तीनं. तिच्यात एमएसटी, म्हणजे मल्टी-स्ट्रीम ट्रान्सपोर्ट, आलं. एकाच वायरीतून दोन-तीन वेगळी चित्रं एकत्र जातात, टोकाला बसलेला हब पत्ता बघून ज्याचं चित्र त्याला देतो. आपल्याकडचा पोस्टमन एकाच थैलीतून प्रत्येक घरी वेगळं पत्र टाकतो, तसंच हे. तांबडा वेगळा, पांढरा वेगळा. डबी बाहेरून स्प्लिटरसारखीच दिसते, म्हणून तर घोळ होतो. खोक्यावर 'एमएसटी' किंवा 'एक्स्टेंड' हे शब्द आहेत का, ते आधी वाचा.

पाइप तेवढाच, नळ किती?

आता दुसरी गोम. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं पाणी नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्याकडं पोचलं. पाइप केवढाही मोठा असला, तरी एकाच वेळी किती नळ सोडता येतील याला मर्यादा असतेच. वायरीचंही तसंच.

फुल एचडी मॉनिटरवर २०,७३,६०० ठिपके असतात आणि ते सेकंदाला ६० वेळा नव्यानं काढावे लागतात. म्हणजे दर सेकंदाला बारा कोटींहून जास्त ठिपके! फोर-के मॉनिटरवर याच्या बरोबर चौपट. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या पूर्ण वायरीतून फुल एचडीचे चार मॉनिटर निघतात, पण ६० हर्ट्झचा फोर-के मॉनिटर एकच. यूएसबी-सी हबवर पेनड्राइव्ह आणि नेटच्या वेगवान जागाही असतील, तर त्याच वायरीतली अर्धी वाट त्यांच्याकडं जाऊ शकते. मग फोर-के चित्र ३० हर्ट्झवर येतं आणि माऊस चिखलातून ओढल्यासारखा चालतो. साध्या ऑफिसकामाला दोन फुल एचडी मॉनिटर भरपूर झाले. उगीच फोर-केचा नाद नको.

पोर्टची खानेसुमारी

हब घ्यायच्या आधी मशीन उलटसुलट करून बघा. निम्म्या लोकांचं काम इथंच, हबशिवाय होऊन जाईल.

डेस्कटॉप असेल तर मागं वाका. बहुतेक मशीनना दोन-तीन तोंडं आधीच असतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर वायरी त्या कार्डालाच लावा, मदरबोर्डच्या तोंडाला नको.

लॅपटॉप असेल तर एचडीएमआय आहे का बघा. मग यूएसबी-सी बघा. सगळ्याच यूएसबी-सी जागांतून चित्र बाहेर येत नाही, काहींचं काम फक्त चार्जिंग आणि डेटा. शेजारी डिस्प्लेपोर्टची 'डी' आणि 'पी'ची खूण किंवा थंडरबोल्टची वीज दिसली तर चित्र येणार समजा. खूण नसेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या माहितीपत्रकात बघा.

ॲपलवाल्यांनो, जरा थांबा! मॅकओएस एमएसटीनं वेगवेगळी चित्रं देत नाही. विंडोज लॅपटॉपवर झकास चालणारा दोन एचडीएमआयचा स्वस्त हब मॅकला लावला, तर दोन्हीकडं तेच चित्र येतं. त्यातही मॉडेलप्रमाणं फरक आहे. २०२० ची एम१ आणि २०२२ ची एम२ मॅकबुक एअर बाहेर एकच मॉनिटर चालवते. २०२४ ची एम३ एअर दोन चालवते, पण स्वतःचं झाकण मिटून. २०२५ ची एम४ एअर झाकण उघडं ठेवूनही दोन चालवते. अशा मशीनवर दोन मॉनिटर वेगवेगळ्या पोर्टना लावा किंवा थंडरबोल्टचा डॉक घ्या.

आणि मशीनची मर्यादाच आडवी आली तर? त्यावर डिस्प्लेलिंक ही युक्ती आहे. यात चित्र आकसून साध्या यूएसबीतून पाठवतात आणि डॉकमधली चिप ते पुन्हा फुलवते. एक्सेल, मेल, कोड यांना उत्तम. पण यासाठी ड्रायव्हर लागतो आणि कंपनीच्या लॅपटॉपवर तो टाकायला आयटीवाल्यांची परवानगी लागते, ती आधी मिळवा. प्रोसेसरवर थोडा भार येतो. ओटीटीचे सिनेमे कधी कधी नुसते काळे दिसतात. ऑफिसच्या वेळेत ही अडचण म्हणायची का सोय, ते तुमचं तुम्ही ठरवा!

शेवटी मावसभावाचं काय झालं? त्याच्या लॅपटॉपला एचडीएमआय होतं आणि 'डीपी'ची खूण असलेलं यूएसबी-सीही होतं. एक मॉनिटर एचडीएमआयला थेट लावला, दुसऱ्यासाठी यूएसबी-सी ते एचडीएमआय अशी एक साधी केबल आणली. विषय संपला. ना हब, ना स्प्लिटर. सेटिंगमध्ये जाऊन टेबलावर मॉनिटर ज्या क्रमानं ठेवलेत त्याच क्रमानं चौकोन ओढून लावले, नाहीतर माऊस डावीकडं नेला की उजवीकडून उगवतो. आजही तो तिथंच काम करतो. दुपारी मावशी चहा ठेवते आणि विचारते, 'दोन टीव्ही कशाला रे लागतात तुला?'

तिचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. घरात दुसरा स्क्रीन आला की ऑफिसही थोडं पसरतं. मी शिरोलीतून निघते तेव्हा माझे दोन्ही मॉनिटर तिथंच राहतात, त्याचे देवघराशेजारी असतात. म्हणून सातला दोन्ही बंद करायचे, हा त्यानं स्वतःच नियम केलाय. दुसरा स्क्रीन जागा वाढवतो, दिवस वाढवत नाही.

तेव्हा या शनिवारी दुकानात जाणार असाल तर लॅपटॉप बरोबर न्या. 'स्प्लिटर द्या' म्हणू नका. म्हणा, 'मला दोन स्क्रीनवर दोन वेगळी चित्रं पाहिजेत, हे मशीन, हे पोर्ट, इथंच लावून दाखवा.' काउंटरवर दोन्ही स्क्रीनवर वेगळं काहीतरी दिसलं, की मगच पाकीट काढा. आणि बिल घ्यायला विसरू नका!