सात वर्षांचा उंबरठा

उल्हासनगरचा जन्मच मुळी निर्वासितांच्या छावणीतून झाला. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या हजारो कुटुंबांना सरकारने कल्याणजवळच्या युद्धकालीन लष्करी बराकींत आणून ठेवले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत या 'कल्याण कॅम्प'चे उल्हासनगर झाले. पुढे बराकींच्या जागी इमारती उठल्या, बाजार भरले, कारखाने आले. कॅम्प नंबर एक ते पाच ही नावे मात्र लोकांच्या तोंडी राहिली. या निर्वासितांना नागरिक म्हणवून घेण्यासाठी फार काळ तिष्ठावे लागले नाही. संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने १९ जुलै १९४८ पूर्वी आलेल्यांना सरळ नागरिक मानले आणि त्यानंतर आलेल्यांना सहा महिन्यांच्या वास्तव्यावर नोंदणीची सोय दिली. त्याच निर्वासितांच्या घरी सिंधमधून सून म्हणून आलेल्या मुलीला आजच्या कायद्याने अर्ज करण्यापूर्वीच सात वर्षे थांबावे लागते. आजेसासऱ्यांना सहा महिने आणि नातसुनेला सात वर्षे! हा फरक कोणी केला, कशासाठी केला आणि त्याची किंमत कोण मोजते, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

सक्खर, शिकारपूर, जेकबाबाद या भागांतील हिंदू कुटुंबांची उल्हासनगरशी असलेली सोयरीक सरहद्द आखली गेल्यावरही पुरती तुटली नाही. या सोयरिकीतून आलेल्या नववधूचा दिवस वरवर पाहता कोणत्याही सुनेसारखाच असतो. नळाला पाणी येण्याच्या वेळेवर तिची झोप ठरते. सासूसासऱ्यांचा चहा, दिराचा डबा, दुपारी पापड लाटणे, आणि जेथे जीन्सच्या कारखान्यांतून धागे कापण्याचे काम घरी येते तेथे नगामागे मिळणाऱ्या मजुरीचा ढीग उपसणे, हा तिचा नित्यक्रम. या श्रमांची नोंद राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात क्वचितच होते. परंतु या सुनेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. ती सिंधी भाषा अरबी लिपीत शिकलेली असते. घरात तिची भाषा सर्वांना कळते, पण स्टेशनची पाटी, औषधाच्या दुकानाचा फलक, रेशनचा अर्ज, मुलाच्या शाळेची चिठ्ठी यांतील काहीच तिला वाचता येत नाही. शिकलेली मुलगी सासरी पाऊल टाकताच निरक्षर ठरते आणि प्रत्येक कागदासाठी तिला घरातील कोणाच्या तरी तोंडाकडे पाहावे लागते.

दुसरी गोष्ट माहेरची. उल्हासनगरच्या सुनेचे माहेर अंबरनाथ-बदलापूरला असेल, तर सासरी खटका उडताच ती लोकलने अर्ध्या तासाच्या आत आईपाशी पोचू शकते. ती दरवेळी जाते असे नाही. पण ती जाऊ शकते, हे सासरच्या माणसांना ठाऊक असते आणि तेवढ्यानेही त्यांच्या वागण्याला मर्यादा पडते. सक्खरच्या माहेराला ही सोय नाही. कराचीतील भारतीय वकिलात १९९४ साली बंद झाली. १९६५ च्या युद्धात तुटलेला मुनाबाव-खोखरापार रेल्वेमार्ग फेब्रुवारी २००६ मध्ये थार एक्स्प्रेसने पुन्हा जोडला, तो ऑगस्ट २०१९ मध्ये थांबला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथील अमानुष हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांची व्हिसा सेवा स्थगित झाली आणि अटारीची चौकीही बंद करण्यात आली. हिंदू पाकिस्तानी नागरिकांना आधी दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा वैध राहतील, असे सरकारने जाहीर केले, हे खरे. पण वैध व्हिसा म्हणजे येथे राहण्याची परवानगी. आईच्या आजारपणात जाऊन परत येण्याची हमी नव्हे.

कायद्याने या दुराव्यावर आपलाही भार टाकला आहे. अर्जापूर्वीचे सलग बारा महिने तिने भारतातच काढले पाहिजेत आणि त्यामागच्या आठ वर्षांपैकी किमान सहा वर्षे येथे वास्तव्य केलेले असले पाहिजे. विशेष कारण दाखवल्यास या बारा महिन्यांत तीस दिवसांपर्यंत सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे, तोही मर्जीचा. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. येथे मात्र बाळंतपणाला, भावाच्या लग्नाला, बापाच्या दहाव्याला जाण्यापूर्वी मुलीने दिवस मोजावेत, अशी सरकारची अपेक्षा आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेले मूल जन्माने नागरिक ठरायचे, तर आईबाप दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा 'बेकायदा स्थलांतरित' नसलेला हवा. व्हिसाची मुदत संपल्यावर राहिलेली परकीय व्यक्ती कायद्याच्या व्याख्येत बेकायदा स्थलांतरित ठरू शकते. म्हणजे मुदतवाढीचा अर्ज वेळेवर गेला नाही, तर बाप भारतीय असूनही पोटातल्या बाळाचे नागरिकत्व धोक्यात येते. आणि तो अर्ज भरायचा कोणी? जिला देवनागरी वाचता येत नाही, जिचा पासपोर्ट सासऱ्यांच्या कपाटात असतो, जिच्या अर्जाला भारतीय माणसाची हमी लागते, तिने!

येथेच या प्रश्नाचे मर्म आहे. सासू प्रेमळ की कजाग, नवरा समजूतदार की तापट, हा योगायोगाचा भाग झाला. अशी कितीतरी घरे आहेत की जेथे सुनेला लेकीप्रमाणे वागवले जाते. पण ज्या नात्यात एका बाजूला घर, भाषा, कागद आणि कायदा असतो आणि दुसऱ्या बाजूला केवळ कष्ट करणारे दोन हात, ते नाते चांगुलपणावर चालले तरी समतेचे होत नाही. कामगाराला संपाचा हक्क दिला आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर पाऊल टाकताच हद्दपारीचे भय ठेवले, तर त्या हक्काची किंमत काय? विधवेला वा परित्यक्तेला दार अगदीच बंद नाही, असे सांगितले जाईल. ते क्षणभर खरे धरू. परंतु त्या दारापर्यंतची सात वर्षांची वाट नवऱ्याच्या घरातून आणि त्याच्या कागदांवरूनच जाते. नवी सून या काळात तक्रार करायला धजणार नाही, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ कशाला हवा?

ही सात वर्षे अनादिकालापासून चालत आलेली नाहीत. १९५५ च्या मूळ नागरिकत्व कायद्यात भारतीय नागरिकाशी विवाह केलेल्या स्त्रीला वास्तव्याच्या अटीशिवाय नोंदणीसाठी अर्ज करता येत असे. त्यात दोष होता. ही सवलत फक्त स्त्रियांना होती आणि परदेशी नवरा तिच्या कक्षेत येत नव्हता. १९८६ च्या दुरुस्तीने हा भेद काढला. पण पुरुषाला स्त्रीच्या पायरीवर घेण्याऐवजी दोघांनाही पाच वर्षांच्या अटीत ढकलले. २००३ च्या दुरुस्तीने त्या पाचाची सात केली. समतेच्या नावाने हक्क वाढवण्याऐवजी आकुंचित करण्याचा हा नमुना चळवळीने नीट ध्यानात ठेवावा.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला राष्ट्राच्या सुरक्षिततेचा. चौकशी जरूर व्हावी. पण ती काही महिन्यांत पुरी होणारी गोष्ट आहे. सात वर्षे लोंबकळत ठेवणे म्हणजे चौकशी नव्हे, ती शिक्षा आहे. दुसरा आक्षेप असा, की सरकारने २०१९ ची नागरिकत्व दुरुस्ती या लोकांसाठीच केली. त्या दुरुस्तीचा लाभ ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांना आहे. २०१८ किंवा २०२२ साली लग्न होऊन आलेल्या सुनेला तिचा काडीचाही उपयोग नाही. २०१६ साली पाकिस्तानातील अल्पसंख्याकांना बँक खाते, आधार, पॅन, वाहन परवाना, स्वयंरोजगार अशा सवलती दिल्या गेल्या. त्या योग्यच होत्या. पण कराचीहून मुंब्र्याला आलेली मुसलमान सून त्याच चुलीपुढे बसते आणि त्याच मुदतीला भिते. तिला त्या सवलतींतून का वगळावे? धर्म विचारून माणुसकी वाटणारे सरकार हिंदू सुनेचेही कल्याण करत नाही. ते तिच्या धर्माचा प्रचारासाठी उपयोग करते आणि तिला रांगेतच उभे ठेवते.

तिसरा आक्षेप चळवळीच्या आतूनच येतो: हा घरगुती प्रश्न आहे, त्यातही व्यापारी जमातीतला, कामगारांच्या पक्षाचे येथे काय काम? असे म्हणणाऱ्यांनी अंबरनाथ-बदलापूरच्या गृहसंकुलांकडे नजर टाकावी. तेथून लग्न होऊन अमेरिकेला गेलेल्या मराठी मुली थोड्या नाहीत. नवऱ्याच्या एच-१बी व्हिसावर अवलंबून असलेला एच-४ व्हिसा हाती घेऊन गेलेल्या अभियंता मुलीला तेथे सरसकट नोकरी करता येत नाही. २०१५ च्या नियमाने नवऱ्याचा कायम वास्तव्याचा अर्ज ठराविक टप्प्यावर पोचलेल्या बायकांनाच कामाचा परवाना मागता आला. विवाह मोडला की तो व्हिसाही आधार देत नाही. येथे सासर उल्हासनगरचे, तेथे न्यू जर्सीचे, येथे पापड, तेथे डिशवॉशर, तत्त्व एकच. दोन्ही राज्यव्यवस्थांना सुनेचे श्रम हवे आहेत, तिचा स्वतंत्र हक्क नको आहे. म्हणूनच आपली मुलगी परदेशी गेल्यावर जो न्याय मागायचा, तो दुसऱ्याची मुलगी आपल्याकडे आल्यावर द्यायला शिकले पाहिजे.

हा न्याय मिळवता येतो, याचा दाखला ब्रिटनमध्ये आहे. तेथे परदेशातून आलेल्या पत्नीला परीक्षेच्या काळात नवऱ्याच्या घरी राहणे भाग होते. मारहाण झाली म्हणून बाहेर पडली, तर देशही सोडण्याची पाळी येई. १९७९ साली लंडनच्या साउथॉल भागात स्थापन झालेल्या 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' या आशियाई व आफ्रो-कॅरिबियन स्त्रियांच्या संघटनेने इतरांच्या साथीने या नियमाविरुद्ध मोहीम चालवली आणि छळ सिद्ध करणाऱ्या पत्नीला स्वतःच्या हक्काने तेथे राहण्याची वाट १९९९ पासून खुली झाली. पुढे ब्रिटिश सरकारने परीक्षेचा काळ २०१२ मध्ये पाच वर्षांवर नेला. पण छळग्रस्त स्त्रीची ती वाट बंद करण्याचे धाडस त्याला झाले नाही. ही सवलत कोणी दयाबुद्धीने दिली नव्हती. ज्यांच्या घरचा हा प्रश्न होता, त्या बायकांनी तो चव्हाट्यावर आणला, म्हणून ती मिळाली.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. विवाहाने आलेल्या व्यक्तीची चौकशी ठराविक मुदतीत पुरी करून दोन वर्षांच्या आत नागरिकत्वाच्या अर्जाचा हक्क द्यावा, तोही धर्म न विचारता. मुदतवाढीचा अर्ज तिला स्वतःच्या नावाने, नवऱ्याच्या हमीशिवाय करता यावा. छळ झाल्यास वा नवऱ्याने टाकल्यास तिचे वास्तव्य आपोआप सुरक्षित राहावे. आईच्या कागदाची मुदत संपली, या कारणास्तव भारतीय बापाचे मूल परके ठरू नये.

या मागण्या दिल्लीत मान्य होईपर्यंत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या कार्यकर्त्यांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. शाखेच्या कचेरीत आठवड्यातून एक दुपार महिला कार्यकर्त्यांनी या सुनांसाठी राखून ठेवावी. अरबी लिपी वाचणारी जुनी सिंधी माणसे कॅम्पमध्ये अजून आहेत, त्यांना सोबत घ्यावे. मुदतीच्या तारखांची वही ठेवावी, अर्ज भरून द्यावेत, देवनागरीचा वर्ग चालवावा. ज्या दिवशी आपला पासपोर्ट सुनेच्या स्वतःच्या ट्रंकेत येईल आणि त्यावरची तारीख तिला स्वतः वाचता येईल, त्या दिवसापासून सासरच्या घरात तिचा शब्द थोडा अधिक ऐकला जाऊ लागेल. कायदा बदलण्याची लढाई त्यानंतर तिला सोबत घेऊनच लढता येईल. आज ती तिच्या वतीने, पण तिच्यावाचून लढली जात आहे.