तळं खुलं आहे, घागर कुठाय?



गेल्या 14 एप्रिलला जव्हारच्या आमच्या अभ्यासिकेला मुंबईतून सहा संगणक दान आले. हार झाले, फोटो झाले, ‘डिजिटल क्रांती’वर भाषण झालं. देणारे आपलेच होते, चांगल्या नोकरीतले. आम्ही टाळ्या वाजवल्या, ही आमची पहिली चूक. सोमवारी मुलांनी मशिनी उघडल्या तेव्हा कळलं, की दात्यांच्या ऑफिसनं त्या मोडीत काढल्या होत्या. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, दोन जीबी रॅम, जी 41 मदरबोर्ड. म्हणजे साधारण पंधरा वर्षांपूर्वीचा माल.

आम्हाला त्यावर करायचं काय होतं, ते आधी सांगतो. जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात डोंगर धो धो वाहतात आणि मार्च उजाडला की पाड्यांवर टँकरची वाट बघतात. याच मोखाड्यात मध्य वैतरणा धरण आहे, 2014 साली पूर्ण झालेलं. त्याचं पाणी मुंबईला जातं. हे वाक्य आपण मोर्चात शंभरदा बोललोय. पण ग्रामसभेत गोष्ट वेगळी असते. तिथे सल्लागार येतो, भिंतीवर रंगीत डोंगर फिरवून दाखवतो, निळी रेघ ओढतो आणि म्हणतो, बंधारा इथेच बसतो, शास्त्रीय आहे. पेसा कायदा 1996 चा आहे, दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, ग्रामसभेला अधिकार आहे. पण त्या चित्रापुढे ग्रामसभा गप्प बसते. चित्र त्याच्याकडे, आपल्याकडे फक्त तोंड.

म्हणून आम्ही ठरवलं, चित्र आपणच काढायचं. कच्चा माल फुकट आहे. फेब्रुवारी 2000 मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानानं रडारनं पृथ्वीची उंची मोजली, ते आकडे आज कुणालाही मिळतात. जव्हार आणि मोखाडा ही दोन्ही गावं 19 उत्तर, 73 पूर्व या एकाच तुकड्यात येतात. तीस मीटरवर एक, असे त्यात सुमारे एक कोटी तीस लाख बिंदू आहेत. तालुक्याचा भाग कापायला क्यूजीआयएस, डोंगर उभा करायला पॅराव्ह्यू. दोन्ही फुकट, दोन्ही मुक्त. जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात ते पॅराव्ह्यू आमचा वारली पोरगाही उतरवून घेऊ शकतो. लोकशाही याहून वेगळी काय असते?

उतरवून घेतलं. उघडलं. बंद पडलं.

पडद्यावर इंग्रजीत चार ओळी आल्या. मतितार्थ असा, की ओपनजीएल 3.2 किंवा त्यापुढचं काही सापडत नाही, व्हिडिओ कार्डचा ड्रायव्हर अद्ययावत करा. आमची दोन पोरं आठवडाभर ड्रायव्हर शोधत बसली. मग समजलं की ड्रायव्हरचा प्रश्नच नव्हता. ओपनजीएल म्हणजे सॉफ्टवेअरनं ग्राफिक्सच्या चिपशी बोलायची भाषा. जी 41 बोर्डातली चिप त्या भाषेच्या 2.1 आवृत्तीपुढे जात नाही, कितीही ड्रायव्हर घाला. चौथीपर्यंतच शाळा असलेल्या पाड्यातल्या मुलाला ‘दहावीचा दाखला आण’ म्हणण्यासारखं झालं ते. आठवडाभर पोरं स्वतःला मठ्ठ समजत होती, याचा राग आम्हाला अजून आहे.

दोष सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा नाही, त्यांना पुढे जायचंच असतं. आमचं भांडण ‘फुकट आहे म्हणजे सर्वांना आहे’ असं म्हणणाऱ्यांशी आहे. सी. के. बोले यांचा ठराव 1923 चा. महाड नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. तरी ओंजळीत पाणी यायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला. कागदावर खुलं असणं आणि हाताला लागणं यातलं अंतर आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. पण संगणकाची गोष्ट आली की आपलीच माणसं ते विसरतात.

एक शिकलेले बंधू आम्हाला म्हणाले, “अहो, आदिवासी मुलांना हे कशाला? एमएससीआयटी करून द्या, टायपिंग शिकवा, नोकरीला लागतील.” दादा, तुमच्या मुलीला तुम्ही टायपिंगच शिकवताय का? समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही सांस्कृतिक भांडवलावर पानंच्या पानं लिहिली होती. ते भांडवल असं, इतक्या प्रेमळ आवाजात अडवलं जातं, हे तिथे कुणी सांगितलं नव्हतं. 18 मार्च 1956 ला आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जी खंत बोलून दाखवली, ती मोडीतला माल दान करून फिटत नाही.

आता मार्ग. ज्यांच्याकडे अशाच मशिनी पडून आहेत त्यांच्यासाठी लिहितो. आम्ही हलकं लिनक्स घातलं. पॅराव्ह्यू सुरू करताना पुढे दोन आडव्या रेघा देऊन ‘मेसा’ असा शब्द इंग्रजीत टाकायचा. लिनक्ससाठीच्या पाचव्या मालिकेतल्या तयार फाइलींत ही सोय मिळते. मग चिपचं काम मुख्य प्रोसेसर करतो. चालतं, पण बैलगाडीसारखं. डोंगर जरा फिरवला की सात-आठ सेकंद पडदा गोठायचा. म्हणून भार कमी केला. फक्त लागेल तेवढा तुकडा कापला आणि आडवा-उभा दर तिसरा बिंदू घेतला, की बिंदू नवव्या हिश्श्यावर येतात. दुसरा उपाय चौथ्या मालिकेतल्या जुन्या आवृत्तीचा. ती नवी ओपनजीएल मागत नाही, जुन्या चिपवर थेट चालते आणि पळते. मात्र नव्या आवृत्तीत जपून ठेवलेलं काम जुन्यात उघडेलच असं नाही, तेव्हा सगळ्या मशिनींवर एकच आवृत्ती ठेवा. आम्ही ठेवली नाही आणि तीन दिवसांचं काम गेलं.

सहापैकी चार मशिनी उभ्या राहिल्या. उरलेल्या दोनचे सुटे भाग त्यांच्यात गेले.

मग एका पाड्यावर डोंगर दाखवला. सगळे जवळ सरकले. एक कातकरी आजी बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, “हितं व्हळ न्हाय रं. व्हळ वरल्या अंगाला.” आजी बरोबर होती. तीस मीटरचा बिंदू, त्यातही आम्ही दर तिसराच घेतलेला. अरुंद ओहोळ त्यात कसा सापडणार? सल्लागाराच्या चित्रातही ती रेघ चुकीच्याच जागी होती. तोवर ती चूक काढायची म्हणून कुणी तोंड उघडलं नव्हतं. पोरांनी तिथल्या तिथे सगळे बिंदू परत घेऊन तेवढाच तुकडा पुन्हा काढला, आणि आजीचा ओहोळ बोट ठेवून वेगळ्या रंगात रंगवला.

पुढच्या ग्रामसभेत दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावायची आहेत. त्यासाठी प्रोजेक्टर लागेल, तो आम्ही भाड्यानं आणू. आणि येत्या 14 एप्रिलला कुणी संगणक देणार असेल, तर हाराचा खर्च वाचवून आधी एवढंच तपासा, त्याची ग्राफिक्स चिप ओपनजीएल 3.2 घेते का. घेत नसेल तर दान म्हणू नका. सुटे भाग म्हणून पाठवा, आम्ही तशीच पावती देऊ.