मागून धरलेलं ध्रुपद

जुन्नर तालुक्यातल्या आमच्या डिंगोऱ्यात किंवा आसपासच्या कुठल्याही गावात कुणी गेलं, की दहाव्यापर्यंत त्या घरी रोज रात्री भजन बसतं. जेवणं उरकली की टाळकरी जमतात. बिबट्याच्या धास्तीनं हल्ली एकटंदुकटं कुणी निघत नाही. वस्त्यांवरची माणसं बॅटऱ्या घेऊन घोळक्यानं येतात. ओसरीवर सतरंजी, पेटी, पखवाज. आधी हरिपाठ, मग अभंग. सांत्वनाचं भाषण कुणी करत नाही. ती दशक्रियेला घाटावर होतातच, पुढाऱ्यांसकट.

वडील गेले तेव्हा मला यातलं काहीच नको होतं. कोपऱ्यात बसलो होतो. शेजारच्या आबांनी न बोलता टाळांची जोडी माझ्यापुढं सरकवली. आवाज फुटत नव्हता, पण हातांना काम मिळालं. ध्रुपद आलं की सगळे एकदम उचलायचे, त्यात माझा चिरका सूर कुणाला ऐकू जाईना. मी गातोय की रडतोय, हेही कुणाला कळलं नसेल. त्या रात्री झोप लागली.

गाणं ऐकण्यात आणि ध्रुपद धरण्यात हा फरक आहे. एकट्यानं ऐकताना आपण आपल्याच दुःखाशी बसलेले असतो. मागून साथ धरायची तर शेजाऱ्याबरोबर श्वास घ्यावा लागतो आणि ओळ संपेपर्यंत तो पुरवावा लागतो. हुंदक्यानं आवळलेला गळा तिथं हळूहळू सुटतो. लय चुकली तरी मागची रांग सांभाळून घेते.

आपल्याकडचा याचा सर्वांत मोठा दाखला तुकोबांचा. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला. पुढं त्यांनी मोडकं देऊळ दुरुस्त केलं, एकादशीला कीर्तन सुरू केलं. अभ्यासात आधी चित्त नव्हतं, संतांची वचनं पाठ केली, पुढं गाणाऱ्यांच्या मागं ध्रुपद धरलं, असं त्यांनीच आत्मचरित्रपर अभंगात सांगून ठेवलंय. कवित्व त्यानंतरचं. स्वप्नात उपदेश देणारे गुरू म्हणून त्यांनी ज्या बाबाजींचं नाव घेतलं, त्या बाबाजी चैतन्यांची समाधी आमच्या शेजारी ओतूरला आहे. तिथं डोकं टेकवताना मला थोर संतकवीच्या आधी मागच्या रांगेतला तो खचलेला तरुण दुकानदार आठवतो.

भजनानं कर्ज फिटत नाही, गेलेलं माणूस परत येत नाही. झोपच उडाली, जगणं नको झालं, तर डॉक्टरही गाठायलाच हवा.

पण या ओसरीवर बायका कुठं असतात? त्यांच्याकडं जातं होतं. माहेरचं, मेलेल्या लेकराचं, नवऱ्याच्या जाचाचं सगळं त्या पहाटे दळता दळता गायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करून अशा लाखावर ओव्या जमवल्या. गिरणी आली, कष्ट वाचले, ते बरंच झालं. पण गाण्याची ती हक्काची जागाही गेली. आता गावोगाव महिला भजनी मंडळं आहेत, हरिनाम सप्ताहात बायका दणक्यात गातात. तरी मयताच्या घरची बाई अजून आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली असते, आणि भजन बाहेर चालतं. मंडळांनी एवढं करावं: पहिल्या रात्री तिला ओसरीवर बोलवावं. नाही आली, तर पेटी-पखवाज उचलून आत जावं.