शिपायाला तोंड आहे की नाही?

आषाढात तुकोबारायांची पालखी बारामती सोडते आणि काटेवाडी, सणसर, बेलवाडी करीत आपल्या लासुर्ण्यावरून पुढे इंदापुराकडे जाते. वारकरी दमला तर झाडाखाली टेकतो, कोणी माउली त्याला भाकर देते, कोणी पाय चोळते. त्या गर्दीत एक मनुष्य मात्र टेकत नाही. तो पहाटेपासून खाकी घालून फाट्यावर उभा असतो, आणि दिंड्या संपल्या तरी त्याची सुटका होईलच असे नाही. हा कोण? बंधुहो, हा तुमच्याच घरचा पोर आहे. मराठ्याचा, माळ्याचा, धनगराचा, रामोशाचा, महारामांगाचा. जमिनीचे तुकडे झाले, कालव्याचे पाणी पुरेना, म्हणून कॅनॉलच्या रस्त्यावर पहाटे धावून धावून तो भरती झाला.

भरती होताना त्याने काय गहाण टाकले, हे त्याच्या आईबापांस कोणी सांगितले नाही. त्याने आपली जीभ गहाण टाकली!

इंग्रज सरकारने 1922 साली कायदा केला की, पोलिसांत असंतोष पसरवील तो गुन्हेगार. तो परका होता, त्याला भीती होती. पण इंग्रज गेल्यावर 1966 साली आपल्याच पार्लमेंटाने दुसरा कायदा केला. परवानगीवाचून पोलिसाने कामगार संघात जाऊ नये, वर्तमानपत्रांशी बोलू नये. मोडील त्याला दोन वर्षांपर्यंत कैद. निव्वळ करमणुकीच्या व धर्माच्या मंडळांना मात्र मोकळीक! म्हणजे शिपायांनी भजनी मंडळ काढावे, टाळ कुटावेत. पण पाळी किती तासांची, हे विचारण्यास संघ काढला की ते राजद्रोही. आणि वरच्या साहेब लोकांची, भारतीय पोलीस सेवेच्या अधिकाऱ्यांची, असोसिएशन आहे ती? ती खुशाल चालते. तिला शिस्त बाधत नाही. शिस्त फक्त शेतकऱ्याच्या पोराला बाधते!

हे तोंड एकदा उघडले होते. 1982 साली मुंबईत अडीच लाख गिरणी कामगार 18 जानेवारीपासून संपावर होते. एक भाऊ परळच्या गिरणीच्या फाटकाबाहेर, दुसरा भाऊ काठी घेऊन त्याच्यासमोर. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा. त्याच साली पोलिसांच्या संघटनेने आपली गाऱ्हाणी मांडली. 15 ऑगस्टला शिपायांनी काळ्या फिती लावल्या. मागत काय होते? पगार, घर, माणसासारखी वागणूक. बी. डी. डी. चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत ज्याने संसार केला त्यालाच ते कळेल. बाबासाहेब भोसल्यांच्या सरकारने उत्तर काय दिले? 18 ऑगस्टला संघटनेची मान्यता काढली, पुढाऱ्यांना पकडले, लष्कर बोलाविले. मग शहर पेटले, दुकाने लुटली गेली. ती लूट वाईटच. तिचे समर्थन आम्ही करणार नाही. पण ज्यांच्याशी बोलावयाचे त्यांनाच कोंडल्यावर मागे राहिलेल्यांना आवरणार कोण, हे सरकारने आधी मनाशी विचारावयास नको होते काय?

शहाणे लोक म्हणतात, पोलीस संपावर गेले तर चोरांचे राज्य होईल. बरे, संप नको. इंग्लंडात 1918 व 1919 साली पोलिसांनी संप केला. सरकारने तो मोडला, पुष्कळांना घरी बसविले, संपाचा हक्क काढून घेतला. पण त्याच 1919 च्या कायद्याने शिपायांना त्यांनीच निवडलेल्या प्रतिनिधींची फेडरेशन दिली. आपल्याच देशात केरळात शिपायांची निवडलेली संघटना चालते. तिथे काही चोरांचे राज्य झालेले नाही. मग महाराष्ट्राचेच शिपाई तेवढे बेभरवशाचे कसे?

आणि शिपायाला अक्कल नसते असे कोणी म्हणेल, तर त्याने देवनारला जावे. 2016 साली मुंबईच्या त्या ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. ती योजना कोण्या साहेबाच्या टेबलावर जन्मली नव्हती. तिथल्याच एका साध्या अंमलदाराने ती आखून आयुक्तांपुढे ठेवली. आयुक्त पडसलगीकरांनी ती मानली, हा त्यांचा चांगुलपणा. पण चांगुलपणाची बदली होते. हक्काची होत नाही.

तीस-पस्तीस वर्षे उन्हातान्हात काढलेल्या हवालदाराइतके या नोकरीचे दुखणे दुसरा कोण जाणतो? दरबारात नेण्यास तोच वकील लायक. पण कायदा त्याला सांगतो, पेन्शनीत गेल्यावर बोल. तोवर गुडघे गेलेले, मुले लांब, आणि ज्यांच्यासाठी बोलावयाचे ते नव्या दमाचे पोर पुन्हा त्याच फाट्यावर तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात उभे.

तुम्ही म्हणाल, हाच शिपाई ठाण्यात आम्हांला अरेतुरे करतो, फिर्याद घेत नाही, त्याची कड का घ्यावी? खरे आहे, आम्हीही ते सोसले आहे. पण ज्याला वरून रोज लाथ बसते आणि ओरडता येत नाही, तो ती खालच्यावर काढतो. तुमच्या पाठीवरचा दंडुका काही अंशी तिथून येतो.

पालखी आली की आमदार, खासदार, मंत्री दर्शनाला लासुर्ण्यात गाडीतून उतरतातच. पुढच्या आषाढात त्यांना हार घालण्याआधी फाट्यावरच्या पोराकडे बोट दाखवा आणि सर्वांदेखत विचारा : साहेब, ह्याचा प्रतिनिधी कोण, आणि तो ह्याने निवडावयाचा की तुम्ही?