पन्नास हजार शब्द आणि तीन एकर कपाशी

जगातली सर्वांत स्वस्त वस्तू कोणती, असे कुणी विचारले तर मी सांगेन, 'गावी जा आणि कादंबरी लिही' हा सल्ला. हा सल्ला देणारे बहुधा पुण्यात राहतात. त्यांच्या कल्पनेतले खेडे म्हणजे एक निंबाचे झाड, झाडाखाली बाज, बाजेवर लेखक आणि चहूकडे शांतता. त्या लेखकाची भाकरी कोण थापते, हे त्या चित्रात नसते.

मला हा सल्ला माझ्या भाच्याने दिला, २०२३ च्या ऑक्टोबरात. अमेरिकेत म्हणे नोव्हेंबर हा कादंबरीचा महिना. एक तारखेला सुरू करायची, तीस तारखेला संपवायची, शब्द पन्नास हजार. क्रिस बेटी नावाच्या गृहस्थांनी १९९९ च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्कोकडे एकवीस जणांना जमवून हा उद्योग काढला आणि पुढच्या वर्षी तो नोव्हेंबरात नेला. का? तर नोव्हेंबरात तिकडची हवा वाईट. बाहेर पडवत नाही, मग माणूस लिहिणार नाही तर करणार काय! (ती संस्था २०२५ साली बंद पडली. त्यात माझा हात नाही.)

आता आमच्या खानदेशातला नोव्हेंबर बघा. हवा अशी, की घरात बसवत नाही; आणि कामे अशी, की बसू देत नाहीत. कपाशी फुटलेली, ज्वारी खळ्यात, हरभऱ्याची पेरणी डोक्यावर. मधे दिवाळी, मागून तुळशीचे लग्न. त्यात भरताची वांगी बाजारात येतात. भरीत ही काही एकट्याने खायची वस्तू नव्हे. शेतात काड्यांचा जाळ दिसला, की चुलत, मावस आणि 'सहज आलो होतो' असे तिन्ही प्रकारचे नातेवाईक हजर होतात. शिवाय मी पडलो बँकेतला. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. आपण जिवंत आहोत हे मला पटवून द्यायला धुळ्यातली वडीलधारी मंडळी सकाळपासून रांगेत उभी असतात. संध्याकाळपर्यंत मीच जिवंत आहे की नाही, याची मला शंका येऊ लागते. मग पारोळ्याच्या एस.टी.त उभ्याने गाव गाठायचे, आणि जेवून रोज सोळाशे सदुसष्ट शब्द. मी बी.कॉम. आहे. भागाकार चुकलेला नाही.

भाचा म्हणाला, "मामा, वेळ नसतोच, काढावा लागतो. नेमाड्यांनी 'कोसला' तुमच्याच जिल्ह्यात लिहिली ना?"

लिहिली. यावल तालुक्यातल्या सांगवीला, वयाच्या पंचविशीत, १९६३ साली, आणि तीही पंधरा-सोळा दिवसांत, असे सांगतात. अमळनेरला मास्तरकी केलेल्या साने गुरुजींनी तर 'श्यामची आई' १९३३ च्या फेब्रुवारीत चार-पाच दिवसांत हातावेगळी केली. पण कुठे? नाशिकच्या तुरुंगात. त्याआधी १९३२ साली विनोबांची गीतेवरची प्रवचने त्यांनी उतरून घेतली, तीही धुळ्याच्या तुरुंगात. मराठी साहित्यावर इंग्रज सरकारचे हे उपकार कुणी मोजलेच नाहीत. तुरुंगात हाल होते, हे मी जाणतो. पण तिथे 'आज वेचणीला बायका आल्या नाहीत, तुम्ही चला' असे म्हणणारे कुणी नव्हते.

आणि जिचे नाव घेतल्याशिवाय इकडे साहित्याची सभा सुरू होत नाही, त्या बहिणाबाई चौधरी? जन्म आसोद्याचा, १८८० चा. लिहिता येत नव्हते. हात शेतात, जात्यावर, चुलीपाशी, तोंडी गाणे. मुलाने, सोपानदेवांनी, लिहून घेतले तेवढे राहिले, आणि पुस्तक निघाले १९५२ साली, बाई गेल्यावर. भाषणांतून म्हणतात, कष्टातून काव्य फुलले. मला हे वाक्य ऐकले की राग येतो. लिहून घेणारे जवळ नव्हते तेव्हा जात्याच्या घरघरीत किती गेले, त्याचा हिशेब आहे का कुणाकडे? 'बाई, महिनाभर तुम्ही नुसत्या गा, जाते आम्ही ओढतो' असे कुणी म्हटल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

वेळ काढावा लागतो, कबूल. पण कुठल्या खात्यातून? एकाकडे रक्कम जमा झाली, की दुसऱ्या कुणाच्या तरी नावे पडते, हे आमच्याकडे नवा शिपाईसुद्धा जाणतो. साहित्यिक मात्र नुसती जमेची बाजू वाचून दाखवतात. शब्द मोजतात, भाकरी मोजत नाहीत.

आता माझे खाते उघडतो. २६ नोव्हेंबर २०२३, रविवार. बँक बंद, पेन्शनर आपापल्या घरी, मी एकोणचाळीस हजारांवर. नायिका विहिरीच्या काठाशी उभी होती. उडी मारायची की नाही, हे चार दिवस ठरत नव्हते. सौभाग्यवती दारात येऊन म्हणाली, "आभाळ भरलंय. दोघं जाऊ, निदान वेचलेली गाठोडी तरी घरी आणू."

मी म्हणालो, "एवढा प्रसंग होऊ दे."

ती एकटी गेली. त्या दिवशी अवकाळी पाऊस साऱ्या उत्तर महाराष्ट्राला झोडपून गेला; आमच्या तीन एकरांना त्याने वगळावे असे काही कारण नव्हते. शेजारचे नाना ओसरीवर आले. "भो, कापूस भिजी गया, आनि तू काय करी राहिना?"

"लिखी राहिनू," मी म्हणालो.

नाना म्हणाले, "बरं." 'बरं' या शब्दाचा एवढा अपमानकारक उपयोग मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

ती अंधार पडल्यावर आली. डोक्यावरचे गाठोडे पाण्याने दुप्पट जड झाले होते. चिंब लुगड्यानिशी तिने आधी कापूस माझ्या टेबलाशेजारी, बाजेवर पसरला आणि मग चूल पेटवली. मी वह्या जरा सरकवल्या. मदत म्हणून.

पुढच्या रविवारी गच्चीवर कापूस वाळत घालताना मी तिला म्हणालो, की कादंबरी छापून निघाली तर अर्पणपत्रिका तुलाच. लेखकमंडळींची ही जुनी पद्धत. तीस दिवसांच्या भाकऱ्यांची एका ओळीत पावती, आणि तीही रेव्हेन्यू स्टॅम्पाशिवाय.

"काय लिहू त्यात?" मी विचारले.

"ते मागून बघू," ती म्हणाली. "आधी ताडपत्रीचं ते टोक धरा."