आयारामाला पोर्तुगीज आजोबा कशाला?

आपल्याकडच्या पक्षांतराला आता परदेशी कुळ शोधायची हौस सुटली आहे. एका विद्वान स्तंभकारांनी परवा निकालच देऊन टाकला: पोर्तुगालमध्ये उजव्या पक्षाचा संस्थापक समाजवाद्यांच्या मंत्रिमंडळात जाऊन बसला, कुणी हूं की चूं केले नाही, मग आपणच आयाराम-गयारामांच्या नावाने बोटे का मोडायची? खुर्ची दिसली की तत्त्व गुंडाळायचे, ही म्हणे जगाची रीत.

हे संस्थापक म्हणजे दियोगो फ्रेइतास दो आमाराल. ‘कुणी हूं की चूं केले नाही’ हे तर धादांत खोटे. २००५ साली ते परराष्ट्रमंत्री होताच त्यांच्या जुन्या पक्षाने, सीडीएसने, मुख्यालयातली त्यांची तसबीर भिंतीवरून उतरवली आणि सरळ समाजवादी पक्षाच्या कचेरीकडे रवाना केली. याला काय आरती ओवाळणे म्हणतात?

पण खरी गंमत तारखांत आहे, आणि तारखा पाहण्याचे कष्ट स्तंभकारांना झेपलेले दिसत नाहीत. फ्रेइतासांनी सीडीएस काढला १९७४ मध्ये, हुकूमशाही कोसळल्यानंतर तीन महिन्यांत. ख्रिस्ती लोकशाहीवादी, युरोपशी जवळीक मानणारा पक्ष. १९८६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत दुसऱ्या फेरीत ४८ टक्क्यांहून जास्त मते घेऊन ते मारियो सोआरिश यांच्याकडून थोडक्यात हरले. १९९२ मध्ये नव्या नेतृत्वाने पक्षाची गाडी युरोपविरोधाकडे वळवली, तेव्हा ते उतरले. मंत्री झाले २००५ मध्ये. मधली तेरा वर्षे सज्जन पक्षाविना होते; त्यातले एक वर्ष संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष. मंत्री झाले तेही अपक्ष म्हणून, समाजवादी पक्षाचे सदस्यत्व न घेता. रात्री हॉटेलात आणि सकाळी शपथविधीला, हा आपला वेग. त्या वेगात हे तेरा वर्षांचे अंतर कसे बसवायचे? आणि ज्या पक्षाला तसबिरीचा विटाळ झाला, त्याचे स्वतःचे मंत्री १९७८ मध्ये सोआरिश यांच्या समाजवादी सरकारात होते! तेव्हा बाटला नाही तो धर्म २००५ मध्ये बाटला.

मलईचा आरोप? सव्वा वर्षात, पाठीच्या दुखण्यामुळे, मंत्रिपद सोडले.

जाता जाता एक जुने भांडण उकरतो. १९८५ मध्ये आपल्याकडे पक्षांतरबंदी आली तेव्हा ‘आता किरकोळ विक्री बंद, घाऊक सुरू’ असे म्हणणाऱ्यांना निराशावादी ठरवले गेले होते. ठरवणारे आज कुठल्या पक्षात आहेत, ते विचारत नाही. उत्तर छापून येईपर्यंत बदलेल.

माझे म्हणणे फार मोठे नाही. माणसाने मत बदलावे, पक्ष सोडावा, विरोधकाच्या सरकारात कामही करावे. फक्त एका पक्षाच्या चिन्हावर मिळालेली जागा दुसऱ्याच्या पदरात टाकू नये. पोर्तुगालच्या राज्यघटनेचे कलम १६० तेवढेच सांगते: ज्या पक्षातर्फे निवडून आलात तो सोडून दुसऱ्यात नाव नोंदवले की खासदारकी गेली. अपक्ष बसायची मुभा आहे. आपल्या पक्षांतरबंदीतली दोन तृतीयांशांची पळवाट त्या कलमात नाही. स्तंभकारांना पोर्तुगालहून काही आणायचेच असेल तर आधी ते कलम आणावे. फ्रेइतासांचे मग पाहू.