सावादाने आणखी काय करायला हवं होतं?

युद्धातला फोटो समोर आला की एक प्रश्न हमखास विचारला जातो : फोटो कसले काढत बसलात, आधी हात द्यायचात ना! जपानी छायाचित्रकार क्योइची सावादा महत्त्वाकांक्षी होता, त्यामुळे त्याच्याबाबतीत या प्रश्नाला आणखी धार चढते. परक्या देशात जाऊन दुसऱ्यांच्या दुःखावर नाव कमावलं, असा एकूण ठपका. तो मला साफ नामंजूर आहे.

आधी फोटोच नीट पाहू. ६ सप्टेंबर १९६५, दक्षिण व्हिएतनाममधल्या क्वी न्योनजवळचं लोक थुओंग गाव. अमेरिकी बॉम्बफेकीतून जीव वाचवायला दोन आया लेकरांना घेऊन नदीत उतरल्या आहेत. पाणी छातीला लागलंय, तान्हं मूल अंगाशी घट्ट धरलंय, आणि सगळी सावादा उभा आहे त्याच काठाकडे येताहेत. चित्रात बंदूक नाही, विमान नाही. जे काही युद्ध आहे ते त्या चेहऱ्यांवर.

बटण दाबायला लागतो तेवढा निमिष वाचवून यांतल्या कुणाचं काय भलं झालं असतं, हे आक्षेपकांनी सांगावं. विमानं थांबवणं सावादाच्या हातात नव्हतं. त्यांच्याखाली कोण राहतं हे जगाला दाखवणं मात्र होतं, आणि ते त्याने केलं.

राहिली बक्षिसं. या फोटोला ‘वर्ल्ड प्रेस फोटो’चा वर्षातल्या सर्वोत्तम छायाचित्राचा मान मिळाला, १९६६ साली पुलित्झरही मिळालं. पुढे काय झालं ते टीकाकार सांगत नाहीत. सावादा परत गेला, त्या कुटुंबांना शोधून काढलं, फोटोची प्रत दिली आणि बक्षिसाच्या पैशांतला वाटाही दिला. तेवढ्याने त्यांचं उठलेलं घर पुन्हा बसलं असं कुणी म्हणणार नाही. पण नाव कमावण्यापुरतीच माणसं हवी असती, तर हा खटाटोप त्याने कशाला केला असता?

महत्त्वाकांक्षेची तर मला अडचणच वाटत नाही. १९६१ पासून तो ‘यूपीआय’ या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या टोकियो कचेरीत होता. व्हिएतनामला पाठवायला संस्था तयार होईना, तेव्हा १९६५च्या सुरुवातीला तो रजा टाकून, पदरमोड करून गेला. काम पाहून मग संस्थेने त्याला सायगावला नेमलं. नावासाठी धडपडणारा माणूस सच्चं काम करूच शकत नाही, हा नियम आपण डॉक्टरला लावत नाही, गवयाला लावत नाही. छायाचित्रकारालाच का?

‘परका’ म्हणाल, तर त्याचं जन्मगाव आओमोरी १९४५च्या जुलैत अमेरिकी विमानांनी जाळलं, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. पुढे मिसावाच्या अमेरिकी तळावरच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात त्याने नोकरी केली. एकातून दुसरं घडलं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण विमानांखालची वस्ती आणि विमानं पाठवणारं सैन्य, दोन्हींशी त्याचा संबंध व्हिएतनामच्या आधीचा होता.

१९६६च्या फेब्रुवारीतला त्याचा दुसरा फोटो पाहा : अमेरिकी चिलखती गाडीमागे फरफटत नेलेला व्हिएतकाँग सैनिकाचा मृतदेह. अमेरिकी संस्थेच्या पगारावर असताना, अमेरिकी तुकडीसोबत फिरत त्याने हे टिपलं. यालाही ‘वर्ल्ड प्रेस’चा सर्वोच्च मान मिळाला. इथे परत जाऊन प्रत द्यायला कुणी उरलं नव्हतं, आणि हा फोटो पाहताना मलाही पहिल्याइतकं निर्धास्त वाटत नाही. तरी तो काढला नसता तर त्या माणसाची विटंबना टळली नसती, फक्त आपल्याला कळली नसती.

पुढे हाँगकाँगला त्याला छायाचित्र-संपादकाची खुर्ची मिळाली. ती सोडून तो १९७० साली रणभूमीवर परतला आणि २८ ऑक्टोबरला कंबोडियात, नोम पेन्हच्या दक्षिणेला, सहकारी फ्रँक फ्रॉशसह मारला गेला. मरणोत्तर रॉबर्ट कापा सुवर्णपदक आलं. त्याच्या धाडसाचे पोवाडे गाणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. कारण ते त्याच्या मरणाविषयी बोलतात, त्याने दाखवलेल्या माणसांविषयी नाही. नदीतल्या त्या फोटोखाली पुलित्झरचं नाव छापण्याआधी लोक थुओंगचं नाव छापा.